इतिवृत्त कायम

१

दोष काकांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर जो तो कानांवर हात ठेवणार आहे. काकू म्हणतील, मला त्या लॅपटॉपमधलं काही कळत नाही बाई. वडील म्हणतील, मी त्याच्या भल्यासाठीच पाठवला होता. मंडळातली मंडळी म्हणतील, आम्ही फक्त एक शब्द म्हणालो. ते खोटं नाही. ते एकच शब्द म्हणाले. पण न ऐकता तो म्हणायची सवय त्यांना काकांनी लावली.

काका म्हणजे त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ. चौतीस वर्षं एका कार्यालयात सभांची इतिवृत्तं लिहून, वाचून, कपाटात लावून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, कुणी फिरायला जातं. काकांना त्यात सभा दिसेना. म्हणून त्यांनी मंडळ काढलं. रहस्यकादंबऱ्या वाचायच्या आणि दर रविवारी दुपारी चारला ऑनलाइन जमून चर्चा करायची. आठवड्याला एकच प्रकरण. पुढचं वाचायचं नाही, वाचलंच तर सांगायचं नाही. सभासद मोजून पाच. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणत आणि ज्या खुन्यालाही विद्यार्थी समजून बोलत. एक दातांचे डॉक्टर, जे दवाखान्यातून यायचे आणि मध्येच पेशंटला 'आ करा' म्हणायचे. एक वकील, ज्यांचं स्क्रीनवर फक्त कपाळ दिसायचं. काका अध्यक्ष. आणि चिटणीस म्हणून तो.

तो म्हणजे पुतण्या. वय बावीस, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. सोडलेलं, सुटलेलं नाही. हा फरक घराण्यात कुणाच्याही डोक्यात शिरला नाही. वळण लागावं म्हणून वडिलांनी त्याला आणून काकांच्या दारात टाकला, आणि काकांनी पहिल्याच दिवशी त्याची दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं मागून घेतली. म्हणाले, तुझ्यापेक्षा माझ्या लोखंडी कपाटात सुरक्षित राहतील. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. बंडी त्यांच्या अंगात. आंघोळीला जातानाही ती बाथरूमच्या आतल्या खुंटीला.

मंडळात त्याला चिटणीस म्हणायला लागले, आणि मग घरातही तेच रुळलं. काकूसुद्धा म्हणायच्या, चिटणीस, पाणी आलंय, बादल्या भरून ठेव. सात महिन्यांत त्याचं खरं नाव एकाच माणसाने घेतलं होतं, कुरिअरवाल्याने, आणि तेही चुकीचं.

२

सभेला काका पुढच्या खोलीत बसायचे आणि तो मागच्या. एकाच घरात दोन लॅपटॉप. बाईंनी एकदा विचारलं होतं, अहो, शेजारी शेजारी का बसत नाही? काका म्हणाले, सभेत नातं आणायचं नाही. त्यामुळे त्याला काका दोनदा ऐकावे लागत. आधी भिंतीतून, आणि अर्ध्या क्षणाने हेडफोनमधून. हा माणूस एकदा ऐकायलाही जास्तच होता.

सभेचा शिरस्ता ठरलेला. चिटणीसाने मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. काका विचारणार, कुणाची हरकत? मग एक-दोन क्षण सगळे आपापल्या चहात बघणार. मग काका म्हणणार, "कायम." बाकीचेही म्हणणार, कायम, कायम, कायम. म्हणजे जे लिहिलंय ते बरोबर आहे असं सगळ्यांनी धरलं. कोणीही ऐकलेलं नसायचं. डॉक्टर तर एकदा पेशंटच्या तोंडात हात घालून कायम म्हणाले होते.

"हसू नकोस," काका त्याला म्हणाले होते. "इतिवृत्तात आहे ते घडलं. इतिवृत्तात नाही ते घडलं नाही. कायम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

त्या दिवसांत मंडळ एका जहाजाची कादंबरी वाचत होतं. भर समुद्रात जहाजावरचा आचारी नाहीसा होतो, पण जेवण मात्र दोन्ही वेळा टेबलावर येत राहतं. कुणी शिजवतं ते दिसत नाही. सात रविवार ह्यावर काथ्याकूट चालू होता. बाईंचा संशय कप्तानावर, वकिलांचा कुणावरच नाही, कारण पुरावा नव्हता.

आठव्या रविवारी तो इतिवृत्त वाचत होता. वाचणं म्हणजे काय, गाडी रुळावरून चालते तसं तोंड चालायचं. सभेस पाच सभासद उपस्थित होते. गणपूर्ती झाली. आचाऱ्याच्या एप्रनबाबत बाईंनी मत मांडले. सभा पाच वाजून दहा मिनिटांनी संपली. चिटणीसांच्या खोलीचे दार ओढून घेतलेले होते.

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तो थांबला. हे त्याने लिहिलं नव्हतं.

"कुणाची हरकत?" काका भिंतीतून म्हणाले, मग कानात म्हणाले. चहाचे घोट. कायम, कायम, कायम, कायम.

त्याने मागे वळून पाहिलं. दार लागलेलं होतं. दाराच्या आतल्या बाजूच्या खिळ्याला त्याचा टॉवेल सरळ लोंबत होता.

आता ह्या दाराचं असं होतं, की ते लागायचंच नाही. खालून फुगलेलं होतं. वीतभर उघडं राहायचं आणि तिथेच फरशीत रुतायचं. बंद करायचं तर खांदा लावून ढकलावं लागे, आणि तेव्हा असा कर्कश आवाज व्हायचा की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या. त्याने हेडफोन काढून कान दिला होता काय? नव्हता दिला. मग काकूंनीच लावलं असेल. आणि वाक्य काकांनी घुसडलं असेल. फाईल त्यांनाही उघडता येत होती, आणि ध चा मा करण्यात चौतीस वर्षं गेलेली. त्याने स्वतःची समजूत घातली आणि दार ओढलं.

दार अजिबात न कुरकुरता उघडलं.

३

त्याच आठवड्यात नोकरीचा फोन आला. दुसऱ्या गावातली लिफ्ट दुरुस्तीची कंपनी, तिथे शिकाऊ म्हणून. फोरमन दोनच वाक्यांत बोलणारा माणूस होता. म्हणाला, तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी नऊला ये, मूळ कागद घेऊन. झेरॉक्स आणलीस तर दारातूनच परत, माझ्याकडे दुसरा पोरगा तयार आहे.

त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी स्वतःहून बोलावलं होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम. तो फोन ठेवून तसाच पुढच्या खोलीत गेला आणि काकांना प्रमाणपत्रं मागितली.

काकांनी पेपर खाली केला नाही. पेपरच्या मागूनच म्हणाले, "आणि चिटणीसपद?"

त्याला आधी वाटलं गंमत करतायत. पण काका गंमत करत नसत, तेवढी अक्कल त्यांच्यात नव्हती. राजीनामा द्यावा लागेल, म्हणाले. एका सभेत सादर, दुसऱ्या सभेत मंजूर, तिसऱ्या सभेत त्याचं इतिवृत्त कायम. ते झालं की कपाट उघडतो. बोटांवर मोजून दाखवलं. तिसरी सभा बरोबर त्या सोमवारच्या आदल्या दिवशी पडत होती.

"आणि नाही दिला राजीनामा तर? असाच गेलो तर?"

"असाच जा की," काका म्हणाले. "कागद इथे आहेत."

त्याने वडिलांना फोन केला. वडील बराच वेळ खाकरले. थोरल्या भावासमोर त्यांचा आवाज शाळेपासूनच फुटत नव्हता, आणि आता फोनवर दादा समोर नव्हता, तरी फुटेना. म्हणाले, दादा सांगेल तसं कर. तीन रविवार काय, बघता बघता जातील.

४

ह्या वेळी त्याने शनिवारी फाईल उघडून ओळ न् ओळ तपासली. आणि होतंच. तळाशी, त्याच्याच भाषेत, त्याच्याच टाईपात: खोलीला एकच खिडकी असून ती भिंतीकडे उघडते.

तो चक्क हसला. काका म्हातारपणी कादंबरी लिहायला लागले की काय! त्याने ती ओळ पुसली, फाईल बंद केली, पुन्हा उघडली. ओळ नव्हती. रविवारी सकाळी पाहिली, नव्हती. चार वाजता शेवटचं वाक्य म्हणून 'सभा पाच वाजता संपली' एवढंच वाचलं आणि मुद्दाम तोंड मिटलं.

"छान," बाई म्हणाल्या. "पण ते खिडकीचं कशाला टाकलंस रे? त्याचा आचाऱ्याशी काय संबंध?"

त्याने विचारलं, कुठलं खिडकीचं?

"आत्ता वाचलंस ना," वकिलांचं कपाळ म्हणालं. "भिंतीकडे उघडते म्हणून."

"संबंध असेल पुढे," डॉक्टर म्हणाले. "पुढचं सांगू नका." आणि तिघं हसले.

कुणाची हरकत, काकांनी विचारलं. त्याला हरकत घ्यायची होती. पण कशाची घ्यायची? न वाचलेल्या वाक्याची? तो शब्द जुळवेपर्यंत चौघांचं कायम म्हणून झालं होतं. आणि तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. काकांचं 'कायम' आधी कानात आलं होतं. भिंतीतून ते नंतर आलं, सावकाश, कुणीतरी ऐकून उतरवून घेतल्यासारखं.

त्याच सभेत राजीनामा सादर झाला. बाई म्हणाल्या, अरेरे, वाचायचास छान.

सभा संपल्यावर तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. तपकिरी चौकडीचा पडदा. त्यामागे सात महिने एक बोळ होता, बोळात लाँड्री, लाँड्रीच्या दोरीवर कायम कुणाचे तरी पांढरे शर्ट. इस्त्रीच्या वाफेचा वास. त्याने पडदा सरकवला.

हातभर अंतरावर भिंत होती. जुनी, ओल आलेली, हिरवट. वरपासून खालपर्यंत.

५

माणसाची बुद्धी मोठी लोचट असते. कसलाही प्रसंग येवो, ती काहीतरी कारण आणून देतेच. आठवड्याभरात बांधली असेल. मग विटा वाहणारे, सिमेंट, आवाज? आणि ओल? एका आठवड्याची भिंत हिरवी होते का? त्याने खिडकीची कडी जोर लावून वर ओढली तेव्हा गंजक्या पत्र्याने अंगठा चांगला चिरला. भिंतीला हात लावला. गार होती. रक्ताचा ठसा तिच्यावर उमटला आणि तसाच राहिला.

काकूंनी अंगठ्याला पट्टी लावून दिली. त्याने विचारलं, काकू, माझ्या खिडकीबाहेर काय आहे?

"भिंत," काकू म्हणाल्या.

"लाँड्री होती ना?"

"लाँड्री बोळात आहे. तुझ्या खिडकीतून कुठली दिसायला? कधी पडदा तरी सरकवतोस का? दिवसभर त्या डबड्यासमोर." असं म्हणून त्या डाळ निवडायला बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. तेच वाईट होतं.

तो चपला घालून घराला वळसा मारून बोळात गेला. लाँड्रीवाला इस्त्री फिरवत होता. दोरीवर पांढरे शर्ट होते. आणि समोर, घराच्या मागच्या अंगाला, त्याची खिडकी होती. उघडी. मध्ये भिंतबिंत काही नव्हतं. पडदा बाजूला सरकवलेला, आत टेबल, टेबलावर त्याचा लॅपटॉप, भिंतीवर त्याने डकवलेलं बसचं वेळापत्रक. खुर्ची मागे ढकललेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

लाँड्रीवाल्याने मान वर न करता विचारलं, आज बाहेर कसे काय? रोज तर तिथे बसलेले दिसता.

तो धावत घरात आला, पुढची खोली, बोळकांडी, मागची खोली. खिडकीबाहेर हिरवट भिंत होती. तिच्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता.

तो त्याच दिवशी पळून का गेला नाही, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्याकडे स्वतःचे मूळ कागद असणार. नुसतं पळून जायचं म्हणजे पुन्हा वडिलांच्या दारात, आणि वडील पुन्हा इथेच आणून टाकणार. बाहेर पडायची वाट एकच होती आणि ती त्या लोखंडी कपाटातून जात होती. दोन रविवार, तो स्वतःला म्हणाला.

६

त्याने फाईलचा नाद सोडला. इतिवृत्त वहीच्या पानावर हाताने लिहिलं, बॉलपेनने, सहा ओळी. पान चार घड्या करून खिशात ठेवलं, झोपताना उशीखाली. आता घुसडा म्हणावं.

रविवारी पान उघडलं तेव्हा सहाच ओळी होत्या. त्याने बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"चिटणीसांचे जेवण झालेले होते," डॉक्टर म्हणाले. "हे मस्त आहे हं. आचाऱ्याच्या गोष्टीत हे असं मध्येच टाकणं."

तेव्हा तो बोलला. पहिल्यांदाच सगळं बोलला. दार, खिडकी, बोळ, लाँड्रीवाला. मी हे वाचत नाही, तुम्हाला ऐकू येतं, आणि तुम्ही कायम म्हणालात की ते तसंच होतं. म्हणाला, हरकत आहे माझी, लिहून घ्या, हात जोडतो, ह्या वेळी कायम म्हणू नका.

मग बाईंनी चष्मा काढला आणि वर्गातल्या हुशार मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "ह्याला म्हणतात वाचन अंगात भिनणं."

वकिलांना खिडकीचा भाग फार आवडला. फक्त लाँड्रीवाल्याची साक्ष कच्ची वाटली. डॉक्टर म्हणाले, मला तर वाटतं सांगणाराच खोटं बोलतोय, अशा गोष्टींत नेहमी तसंच असतं. तिघांनी त्यावर दहा मिनिटं चर्चा केली. जन्मभर रहस्यकथा वाचलेली माणसं. नाहीशा झालेल्या माणसाचा माग काढण्यात दुपारी घालवणारी. समोरच्या चौकोनात एक जण हात जोडून बसलाय, आणि ही त्याला गुण देतायत.

"हरकत विषयाला धरून नाही," काका म्हणाले. फक्त कानात. भिंतीतून आता काही येत नव्हतं. "कायम."

कायम, कायम, कायम.

त्याच सभेत राजीनामा सर्वानुमते मंजूर झाला.

संध्याकाळी काकूंनी ताट वाढलं. त्याने पहिला घास उचलला आणि तोंडापाशी थांबला. पोट भरलेलं होतं. गच्च, जड, नुकतंच दाबून जेवल्यासारखं. सकाळपासून त्याने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

"आता का बसलास परत?" काकूंनी विचारलं. "मघाशीच जेवलास की."

त्या आठवड्यात त्याला एकदाही भूक लागली नाही. रोज पोट भरलेलं. कशाने, ते कळत नव्हतं.

७

शेवटच्या रविवारी त्याने बॅग भरली. एक चाक निखळलेलं, दुसरं करकरणारं. निळा शर्ट घालून बसायचं ठरवलं होतं, तो ऐन वेळी सापडेना. बॅग त्याने आधीच पुढच्या खोलीत नेऊन ठेवली, काकांच्या खुर्चीमागे, म्हणजे कायम म्हटलं की कपाट, पाकीट, बॅग आणि सातची बस. दार उघडं राहावं म्हणून फटीत चप्पल अडकवली.

चार वाजले. चौकोन उघडले. बाई, डॉक्टर, कपाळ, काका. आणि त्याचा स्वतःचा, खाली 'चिटणीस' असं लिहिलेला.

त्याने चारच ओळी लिहून आणल्या होत्या. वाचल्या. चौथी होती, चिटणीसांचा राजीनामा सर्वानुमते मंजूर करण्यात आला. ती संपल्यावर त्याने पान उलटं टाकलं आणि दोन्ही तळहातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बघू आता कोण वाचतंय.

तेव्हा भिंतीतून आवाज आला.

पुढच्या खोलीतून, काकांच्या खुर्चीच्या बाजूने. अर्ध्या क्षणाने तोच हेडफोनमधून. आवाज त्याचा होता. तीच घाई, शब्दाचा शेवट गिळायची तीच खोड, जिच्यावरून शाळेपासून बोलणी खाल्ली होती.

"राजीनामा देणाऱ्यांनी आपली मूळ कागदपत्रे स्वीकारून प्रस्थान केले. चिटणीसपद कायम राहील. चिटणीस खोलीत आहेत."

"कुणाची हरकत?" काकांनी विचारलं.

त्याने तोंडावरचे हात काढले आणि हरकत आहे म्हणाला. मोठ्याने म्हणाला, मग ओरडून. हेडफोन ओरबाडून काढून भिंतीवर मुठी आपटल्या. खोलीत त्याचा आवाज भरून राहिला आणि खोलीतच राहिला.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "चिटणीस काहीतरी बोलतायत वाटतं."

"म्यूटवर आहेत," कपाळ म्हणालं.

"चिटणीस, तुम्ही म्यूटवर आहात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी क्षणभर वाट बघितली. मग, "जाऊ द्या, माझा पेशंट बसलाय."

"हरकत नाही," काका म्हणाले. "कायम."

कायम. कायम. कायम. आणि मग पाचवा आवाज, घाईतला, शेवट गिळणारा. कायम.

काकांच्या चौकोनात काका उठले. बंडीच्या खिशात हात घातला. लोखंडी कपाटाची कर्रर्र भिंतीतून स्पष्ट ऐकू आली. मग ते पुन्हा चौकटीत आले, हातात पिवळं पाकीट. चौकटीच्या कडेने दुसरा एक हात पुढे झाला आणि त्याने पाकीट घेतलं. निळी बाही. अंगठ्याला काकूंनी लावलेली पट्टी.

त्याने स्वतःचा अंगठा बघितला. कातडी सलग होती. चिरलेलं काही नव्हतं.

बॅगेचं चाक करकरत पुढच्या खोलीतून गेलं. काकू काहीतरी म्हणाल्या, डबा घेतलास का असं काहीतरी, आणि मग त्यांनी त्याला हाक मारली. चिटणीस नव्हे. नावाने. सात महिन्यांत पहिल्यांदा, बरोबर, प्रेमाने. जपून जा रे, पोचलास की कळव.

ती हाक त्याच्यासाठी नव्हती. मुख्य दाराची कडी वाजली. मग दारापुढच्या पायऱ्यांवर चाक, एकेका पायरीवर, खाली खाली.

मागे बघायचं त्याने पुष्कळ वेळ टाळलं. स्क्रीनवर त्याच्या चौकोनात मागे काय दिसत होतं तेही त्याने टाळलं. शेवटी मान वळवली.

टॉवेल खिळ्याला सरळ लोंबत होता. खिळा भिंतीत होता.

खाली फरशीवर त्याची चप्पल होती. अर्धी.

८

जहाजाची कादंबरी संपली. आचाऱ्याचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाई म्हणाल्या, लेखकाने फसवलं. वकील म्हणाले, जेवण वेळेवर येत होतं ना, मग त्याला शोधायला उठणार कोण? सगळे हसले. ते इतिवृत्तात आहे.

सोमवारी दुपारी फोरमनचा निरोप त्याच्या फोनवर आला होता. कागद बघितले, ठीक आहेत, पोरगा कामाचा दिसतोस, उद्यापासून वेळेवर ये. त्यावर उत्तरही गेलेलं होतं. हो साहेब. मग वडिलांचा एक निरोप आला. शेवटी वळण लागलं, दादाचे उपकार विसरू नकोस. त्यालाही उत्तर गेलं होतं. त्यानंतर फोनवर काही आलं नाही, आणि खोलीतून काही जातही नाही.

दर रविवारी चारला तो इतिवृत्त वाचतो. कधी कधी त्यात मदतीसाठी चार शब्द घालून बघतो. ते कुणाला ऐकू येत नाहीत. भूक लागत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर ठसा अजून आहे, पण त्याचा अंगठा त्याच्याशी जुळत नाही. काकांची तब्येत उत्तम आहे. नवी कादंबरी सुरू झाली आहे. एका आठवड्याला एकच प्रकरण.

ह्या सगळ्यात त्याचं नाव गेलं, आणि दार गेलं.